नाइटांच्या झेंड्यांतल्या चुका: चित्र काढताना आणि शिवताना या टाळा

मध्ययुगातल्या धर्मयोद्ध्यांचं दृश्य उभं करायचं ठरलं की नाटकात, चित्रात किंवा गेमच्या कलाकृतीत एकच झेंडा दिसतो: पांढरं कापड, मधोमध लाल क्रॉस, भोवती सोनेरी झालर, आणि तो हातात घेऊन तलवार चालवणारा वीर. या एका दृश्यात निदान तीन चुका आहेत. त्या काळी झेंडा हे आधी हुकमाचं साधन होतं. धुळीत, लोखंडी टोपाच्या फटीतून पाहताना आपली तुकडी कुठे आहे, पुढे सरकते आहे की थांबली आहे, हे नाइटाला, म्हणजे चिलखत घातलेल्या घोडेस्वार योद्ध्याला, झेंड्यावरून कळायचं. हे डोक्यात ठेवलं की आकार, रंग आणि पात्राची जागा बरीचशी आपोआप ठरते.

लाल क्रॉस म्हणजे टेम्पलरांचा झेंडा नव्हे

टेम्पलर हा क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या काळातला, व्रतं घेतलेल्या नाइटांचा संघ; हॉस्पिटलर आणि ट्यूटॉनिक हे त्याच धर्तीचे दुसरे संघ. लाल क्रॉस टेम्पलर नाइटांच्या पांढऱ्या झग्यावर असे. त्यांच्या रणध्वजाचं नाव होतं ‘बोसाँ’. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द कबऱ्या, म्हणजे काळ्यापांढऱ्या घोड्यासाठी वापरत. झेंडाही तसाच, दोन आडव्या भागांचा. मॅथ्यू पॅरिस या १३व्या शतकातल्या इंग्रज भिक्षूने तो वर काळा, खाली पांढरा असा काढला आहे. इटलीत पेरुजाच्या सान बेविन्याते चर्चमधल्या भित्तिचित्रात मात्र पांढरा भाग वर आहे आणि त्यात क्रॉस आहे. दोन्हींपैकी एक निवडा, पण दोन्ही एकाच दृश्यात मिसळू नका.

उलट चूकही होते. लाल क्रॉस दिसला की माणूस ‘इंग्रज’ ठरवला जातो. ११८८ साली तिसऱ्या क्रुसेडची तयारी चालू असताना ठरलेली वाटणी अशी होती: फ्रेंचांना लाल क्रॉस, इंग्रजांना पांढरा, फ्लँडर्सच्या लोकांना हिरवा. त्याच मोहिमेतल्या, ११९१ च्या अरसूफच्या लढाईचं चित्र काढणाऱ्याने हे भिंतीवर चिकटवून ठेवावं.

हॉस्पिटलरांचा झेंडा लाल, त्यावर कडेपर्यंत जाणारा साधा पांढरा क्रॉस. आठ टोकांचा, ‘माल्टीज’ म्हणून ओळखला जाणारा क्रॉस त्या नेटक्या रूपात १६व्या शतकात रूढ झाला. तो १२व्या शतकातल्या झेंड्यावर नको. पोशाखातही गल्लत होते. युद्धात चिलखतावर लाल अंगरखा आणि पांढरा क्रॉस घालायची परवानगी पोप चौथ्या अलेक्झांडरने १२५९ मध्ये दिली. त्याआधीचे हॉस्पिटलर काळ्या कपड्यांतच दाखवायचे.

ट्यूटॉनिक संघाचा पांढऱ्यावर काळा क्रॉस काढताना बहुतेकांचा हात नकळत प्रशियाच्या ‘आयर्न क्रॉस’कडे वळतो. ते पदक १८१३ चं आहे. झेंड्यावर सरळ बाहूंचा क्रॉस काढा. मुख्य गुरूच्या, म्हणजे ग्रँड मास्टरच्या ध्वजावर काळ्या क्रॉसच्या आत सोनेरी क्रॉस आणि मध्यभागी गरुडाची ढाल असे. आणि १५ जुलै १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत संघाच्या बाजूचे सगळेच झेंडे काळ्या क्रॉसचे नव्हते. शहरं, बिशप, पाहुणे सरदार यांची आपापली निशाणं होती. पोलिश सैन्याने ती जिंकून क्राकूवच्या वावेल कॅथेड्रलमध्ये टांगली. इतिहासकार यान द्वुगोश याने १४४८ मध्ये स्तानिस्वाव दुरिंक या चित्रकाराकडून ५६ झेंड्यांची चित्रं काढून घेतली (त्यात नंतरच्या लढायांतले काही आहेत). ग्रुनवाल्डचं काम करणाऱ्याला यापेक्षा चांगला आधार नाही. तो असताना वीस सारखे झेंडे काढणं म्हणजे निव्वळ आळस.

गोव्याच्या संदर्भातली एक चूक आपल्याकडे फार चालते. पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवरचा लाल क्रॉस ‘टेम्पलरांचा’ म्हणून सांगितला जातो. टेम्पलर संघ १३१२ मध्ये बरखास्त झाला. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये. शिडांवरचा क्रॉस ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’चा. हा संघ पोर्तुगालमध्ये १३१९ साली टेम्पलरांच्या मालमत्तेवर उभा राहिला, म्हणजे वारसा खरा, पण संघ वेगळा. ओळखायची खूण सोपी आहे: लाल क्रॉसच्या पोटात बारीक पांढरा क्रॉस असतो. अल्बुकर्क स्वतः मात्र सांतियागो या तिसऱ्याच नाइट-संघाचा!

झेंडा धरणारा लढत नाही

टेम्पलरांच्या नियमावलीत हे स्वच्छ लिहिलं आहे. हल्ल्याच्या वेळी मार्शल, म्हणजे संघाचा सेनापती, झेंडा हातात घेई आणि स्वतःच्या व झेंड्याच्या रक्षणासाठी दहापर्यंत नाइट नेमी. त्यांनी झेंड्याला चिकटून राहायचं. झेंडा भाल्यासारखा खाली करून वार करणाऱ्याचा झगा, म्हणजे संघात असल्याची खूण, काढून घेतला जाई. त्यामुळे नुकसान झालं तर बेड्याही पडत. कारण उघड आहे: झेंडा खाली गेला की मागच्यांना वाटणार, पडला. म्हणून नाटकात झेंडेकऱ्याच्या हाती तलवार देऊ नका; त्याच्याभोवती माणसांचं कडं द्या. झेंड्यापासून तुटलेल्या टेम्पलराने जवळच्या ख्रिस्ती झेंड्याकडे जायचं, हॉस्पिटलरांचा सापडला तर तिथेच थांबायचं, असाही नियम होता. एरवी या दोन संघांचं फारसं पटत नसे, हे लक्षात घेतलं तर प्रसंगात आणखी रंग भरता येतो.

शिवताना काय बिघडतं

आकार: १३व्या शतकातला चौकोनी रणध्वज बहुधा रुंदीपेक्षा उंच असे. आजच्या राष्ट्रध्वजासारखा आडवा कापला की काळ चुकतो. ६० सेंमी रुंद, ९० सेंमी उंच हे माप ३ मीटरच्या काठीवर चांगलं दिसतं. त्याहून मोठा नको. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो.

बोसाँसाठी काळा आणि पांढरा असे दोन तुकडे, प्रत्येकी ७५ × ४८.५ सेंमी. हिशेब असा: दिसणारी रुंदी ६०, नेफ्याला १२, नेफ्याच्या दुमडीला १, मोकळ्या कडेच्या दुमडीला २. उंचीत ४५, जोडाला १.५, बाहेरच्या दुमडीला २. सुमारे ३ सेंमी जाडीच्या काठीला हा नेफा पुरतो. मांजरपाट किंवा लिनन कापण्याआधी धुवा, नाहीतर नंतर आटतं. काळं कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा. काळा भाग वर असेल तर पहिल्याच पावसात रंग पांढऱ्यावर ओघळतो, आणि तो डाग जात नाही.

क्रॉसची पट्टी झेंड्याच्या रुंदीच्या एक पंचमांश, म्हणजे इथे १२ सेंमी घ्या. पट्टीचा उभा धागा आणि झेंड्याचा उभा धागा एका दिशेत हवा. उरेब, म्हणजे तिरकी, कापलेली पट्टी ताणली जाते आणि शिवल्यावर भोवती चुण्या पडतात. हॉस्पिटलरांच्या झेंड्यात आणखी एक अडचण येते: पातळ पांढऱ्यातून खालचा लाल दिसतो आणि क्रॉस गुलाबी वाटतो. दुहेरी कापड लावू नका, वजन वाढतं. आधी धावदोऱ्याने पट्टी बसवा, कडेने पक्की शिवा, मग उलट बाजूने क्रॉसमागचं लाल कापड १ सेंमी सोडून कापून काढा आणि कडा आत दुमडून तुरपा. क्रॉस दोन्ही बाजूंनी पांढरा दिसेल.

झालर हवीच असेल तर एक हिशेब करा: १०० मीटरवरून चांगली नजर साधारण ३ सेंमीचा तपशील ओळखते. २ सेंमीची झालर तिथून नाहीशी होते. जवळून मात्र चुकीची म्हणून लगेच नजरेत भरते.

सिंह, गरुड असले तर तोंड काठीकडे हवं, दोन्ही बाजूंनी. छपाईवाल्याला मागच्या बाजूसाठी चित्र उलटं, आरशातल्यासारखं द्यावं लागतं. हे सांगायचं राहिलं तर एका बाजूचा सिंह शत्रूला पाठ दाखवून पळताना दिसतो.

झेंडा काठीभोवती गुंडाळला जात असेल तर नेफा सैल आहे, किंवा कापड काठीला कुठेच पक्कं नाही. नेफ्याच्या वर आणि खाली एकेक बारीक खिळा ठोका. मोकळ्या कडेचे कोपरे आधी फाटतात. तिथे आतून तिकोनी ठिगळ लावा.

नियमावलीप्रमाणे दृश्य करायचं असेल तर दुसरा झेंडाही शिवा. मार्शलजवळच्या एका सरदाराकडे असा राखीव झेंडा भाल्याभोवती गुंडाळलेला असे. पहिला पडला किंवा फाटला की तो उघडायचा. गुंडाळीला दोन ठिकाणी दोरी बांधा, पण सुरगाठीने. निरगाठ बसली तर प्रयोगाच्या वेळी, हातमोजे घातलेल्या बोटांनी, ती सुटत नाही.