पहिलं एअर पिस्तूल घेताय? या चुका टाळा

नेमबाजीच्या रेंजवर नाव घालून महिना झालेला नसतो आणि घरात पिस्तुलाची चर्चा सुरू होते. स्वतःचं पिस्तूल आल्याशिवाय गुण वाढणार नाहीत, हे कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं. 10 मीटरच्या स्पर्धेचं परदेशी पिस्तूल लाख-दीड लाखाच्या पुढे जातं, आणि वर्षभरात पस्तावलेली माणसं त्याच चार-पाच चुका सांगतात. पहिले सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर काढा. उभं कसं राहायचं, ट्रिगर कसा दाबायचा हे बसण्याआधी कुठलं पिस्तूल आपल्याला मानवतं हे कळूच शकत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक ग्रिपची. लोक पिस्तुलाचं नाव बघतात, नळी बघतात, आणि हातात येणारा लाकडाचा तुकडा बघायचा राहून जातो. एका वडिलांनी तेरा वर्षांच्या मुलीसाठी वापरलेलं पिस्तूल घेतलं. पिस्तूल उत्तम, पण ग्रिप मोठ्या माणसाच्या हाताची, मध्यम मापाची. मुलीचं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचायचं. त्यामुळे पहिल्या पेराच्या गादीऐवजी बोटाच्या टोकाने ट्रिगर ढकलला जायचा आणि छर्रे डावीकडे जायचे. मग साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खाचेचे, क्लिक उजवीकडे. दुसऱ्या दिवशी हात थोडा वेगळा बसला की पुन्हा क्लिक. तीन महिने असे गेल्यावर वडिलांनी कानस घेतली आणि ग्रिप खरवडली, तीही नको तिथे. तळहात टेकतो ती खालची फळी पातळ झाली आणि अंगठ्यामागचा, लागत होता तो भाग तसाच राहिला. लहान मापाची ग्रिप परदेशातून येईपर्यंत मोसम संपला. मुलीची काही चूक नव्हती, आणि तीन महिने बोलणी मात्र तिने खाल्ली.

ग्रिप तपासायला दोन मिनिटं लागतात. अंगठा आणि तर्जनीमधली खाच पिस्तुलाच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर बसवा. तर्जनी लाकडाला न घासता ट्रिगरवर सरळ आली पाहिजे. आता डोळे मिटा, हात वर करा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मध्यावर दिसली, तर ग्रिप तुमची. एका बाजूला गेली असेल तर मनगट वळवून ती मध्ये आणू नका. बऱ्याच पिस्तुलांत ग्रिपचा कोन स्क्रू सैल करून बदलता येतो. तो बदला आणि दहा वेळा हेच करून बघा. खालची फळी हाताला टेकली पाहिजे, आवळता कामा नये.

हात आणि ग्रिपमध्ये पोकळी राहत असेल तर भरा, आणि भरण्याआधी कापू नका. दोन भाग मळून लावायचं एम-सील यासाठी उत्तम चालतं. तळहाताला थोडं तेल लावा, लेप पोकळीत दाबा, नेम धरतो तसा हात लांब करून पिस्तूल धरा आणि हाताचा ठसा उमटू द्या. पूर्ण वाळल्यावर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने कडा मोडा. जास्त झालेला लेप काढता येतो, कापलेलं लाकूड परत येत नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर हाच मार्ग.

दुसरी चूक सिलिंडरची, म्हणजे छर्रा ढकलणारी दाबाची हवा ज्यात भरतात त्या नळकांड्याची. वापरलेलं पिस्तूल स्वस्त मिळतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. सिलिंडरवर निर्मितीचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, आणि त्याचं आयुष्य दहा वर्षांचं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि 200 बार दाबाची वस्तू चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरायची असल्याने घरच्या सरावातही तो चालवू नका. फोटोत ती तारीख दिसत नसेल तर विक्रेत्याकडे तेवढाच फोटो पुन्हा मागा. तारीख 2015 किंवा 2016 ची निघाली, तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा.

भरतानाची घाई तर बघवत नाही. झडप हळू उघडा आणि भरायला मिनिटभर तरी द्या. झटक्यात भरलेली हवा तापते, दाबाचा काटा 200 दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली उतरतो. भरणारा मोठा सिलिंडर 300 बारचा असेल तर नजर काट्यावरून हलवू नका. हातपंप वापरत असाल तर ओलावा शोषणारी गाळणी हवीच. कोकणातल्या पावसाळी हवेत ती लवकर भिजते, तेव्हा बदला. ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही, कुणीही सांगितलं तरी भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी पिस्तुलं स्वस्तात मिळतात. घेऊ नका. तो वायू 31 अंशांच्या वर द्रवरूपात राहत नाही, दाब तापमानाबरोबर बदलतो, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये जानेवारीचा नेम उपयोगी पडत नाही.

लहान मुलांसाठी पूर्ण लांबीचं, किलोभर वजनाचं पिस्तूलही नको. स्पर्धेत एका हाताने, 75 मिनिटांत 60 नेम, शिवाय सुरुवातीचे सरावाचे. खांदा दुखला की मूल तक्रार करत नाही, चुकीचं उभं राहायला लागतं. आखूड, हलकं मॉडेल घ्या.

ट्रिगरचे स्क्रू पहिल्या आठवड्यात फिरवू नका. नियमाने ट्रिगरचं वजन किमान 500 ग्रॅम हवं. नळी उभी धरून 500 ग्रॅमचं वजन उचलताना ट्रिगर सुटला की पिस्तूल बाद. 510 ते 520 वर ठेवा, आणि फिरवण्याआधी प्रत्येक स्क्रूच्या खाचेच्या स्थितीचा फोटो काढा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर छान असतो, पण त्याचा जाणकार जवळ असेल तरच घ्या. टोकियोत 2021 मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, बरीच मिनिटं दुरुस्तीत गेली, 575 गुण झाले आणि अंतिम फेरी हुकली. तिच्याजवळ प्रशिक्षक होते, पथक होतं. तुमच्या जिल्हा स्पर्धेत कोण असेल?

महागड्या छर्‍यांचे डबे नको. सपाट डोक्याचा, 4.5 मिलिमीटरचा चांगला छर्रा, एकाच बॅचचे चार-पाच डबे, बस्स.

20 ज्यूलच्या आतल्या 4.5 मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि स्पर्धेचं पिस्तूल साधारण 6 ज्यूलच्या आसपास असतं. म्हणून लोक बिल मागत नाहीत. मागा, आणि त्यावर पिस्तुलाचा क्रमांक लिहून घ्या.

पैसे देण्याआधी एक रात्र मागा. सिलिंडर 200 ला भरून पिस्तुलाला लावा, काट्याचा फोटो काढा, सकाळी पुन्हा बघा. मग वेग मोजायच्या यंत्रावर दहा छर्रे सोडा, पहिला पाच मिनिटं थांबून. वेग सेकंदाला 150 मीटरच्या आगेमागे असावा. तो पहिला छर्रा बाकीच्या नऊंपेक्षा जोरात गेला, तर दाब सांभाळणारा रेग्युलेटर गळतोय. विक्रेता रात्रभर द्यायला तयार नसेल, तर दुसरं पिस्तूल शोधा.