पुरातून वाचलेली लेन्स कपाटात गेली

सांगलीत वर्तमानपत्रासाठी फोटो काढायला लागून मला अकरा वर्षं झाली. नवीन मुलं भेटायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) कोणती घेऊ? ॲपर्चर, शटर, आयएसओ तुम्हाला येतं असं धरूनच लिहितोय. बॉडीचं नंतर बघू. माझ्यासारख्याला पगार नसतो, फोटोमागे मानधन असतं आणि कॅमेरा स्वतःचा असतो, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. कॅमेरा झिजला की खर्च तुमचा. ऑफिसात त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मी जुना निकॉन डी९० घेतला, सोबत १८-१०५ मिमीची लेन्स आणि नंतर लांबचं जवळ आणणारी एक ७०-३०० मिमीची. मॉडेल २००८ चं. शटर एक लाख क्लिकपर्यंत तपासलेलं, असं कंपनी सांगते. दिवसाला दीडशे फ्रेम धरा, वर्षाला तीनशे दिवस. ४५ हजार झाले. म्हणजे सव्वादोन वर्षांत लाख संपला. म्हणून जुनी बॉडी घेताना तिथल्या तिथे एक फोटो काढा आणि शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, ते बघा. निकॉनच्या फाइलमध्ये तो आकडा असतो. ‘लग्नात दोन-चारदाच वापरलाय’ या बोलण्यावर एक रुपयाही देऊ नका.

पण माझा घात शटरने केला नाही, ओलीने केला. हे नीट वाचा, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर एकाने डोळ्यांसमोर करून दाखवलं होतं, मी विचारलं नाही.

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौकात बोटी फिरत होत्या. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, वर रबर, आणि दिवसभर पाऊस. बोटीतून उतरवलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढताना मी दोनदा कॅमेरा खाली ठेवला आणि हात दिला. ते फोटो माझ्याकडे नाहीत, त्याचं वाईट वाटत नाही. कॅमेरा बंद पडला नाही, एवढ्यावरच मी समाधानी होतो.

पाणी ओसरल्यावर काम होतं चिखलाचं, पंचनाम्यांचं, दुकानातून बाहेर काढलेल्या भिजल्या मालाचं. त्याला १८-१०५ पुरत होती. ७०-३०० बॅगेतच राहिली. बॅग आतून दमट होती. मी चेन लावली आणि ती लोखंडी कपाटात टाकली. दीड महिना तिच्याकडे बघितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेच्या सभा सुरू झाल्या, तेव्हा लेन्स बाहेर काढली. उजेड समोरून आला की फोटोवर पांढुरकी झाक यायची. मला वाटलं धूळ असेल, धुकं असेल. मग वाटलं फोकस हलला. रोज रात्री फोटोशॉपमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून पाठवत राहिलो. इथेच चुकलो. आजारी लेन्सला मी सॉफ्टवेअरने रंगरंगोटी करत होतो आणि आत बुरशी वाढत होती. एका रात्री वर्तमानपत्राच्या डेस्कवरून (पानं लावणाऱ्यांकडून) फोन आला, “अरे, तुझे फोटो धुरकट का येतायत? दुसऱ्याचा लावतोय.” पहिल्या पानाची सभा होती ती.

मिरजेत एका दुरुस्तीवाल्याला लेन्स दाखवली. त्याने मागून मोबाइलचा टॉर्च मारला आणि मला समोरून तिरकं बघायला लावलं. कडेपासून आत पसरलेलं कोळ्याचं जाळं. “भाऊ, ही धूळ नाही. खोलून पुसता येईल, पण बुरशीने काचेवरचा पातळ थर, कोटिंग, खाल्लंय, ते परत येत नाही.”

बुरशीचे बीजाणू सगळ्या हवेत असतात, तुमच्या लेन्समध्येही आहेत. त्यांना लागतं काय? ओल, अंधार आणि न हलणारी हवा. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की ते वाढायला लागतात. धूळ आणि बोटांचं तेल त्यांचं खाणं. वाढताना आम्ल सोडतात, त्याने काचेचं कोटिंग कोरलं जातं. म्हणजे बंद कपाटातली बॅग ही बुरशीची खोलीच. बॅग वाहून नेण्यासाठी असते, साठवण्यासाठी नाही.

उपाय साधा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), सोबत छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० मध्ये ठेवा. फार कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर गरम करून परत निळे करा, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नाही. निळ्या रंगात कोबाल्ट असतं. कुणी तांदळात ठेवायला सांगेल, त्याचं ऐकू नका, पीठ आत जातं. डांबरगोळ्याही नकोत.

विचारलं नाही म्हणालो, ते हे. मला हाताशी धरणारे काका रिळाच्या काळातले. ३६ फ्रेमच्या एका रिळात तीन कार्यक्रम उरकणारे. दर रविवारी सकाळी ते लेन्स गॅलरीत कोवळ्या उन्हात मांडून ठेवायचे. मला वाटायचं, जुन्या माणसाची सवय. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुमचे गुरू काही करताना दिसले तर विचारा. आणि जो वर्षभर नुसती बॅग उचलायला लावतो, शिकवत काहीच नाही, त्याला सोडा. अशा माणसाकडे राहणं म्हणजे निष्ठा, हे मला मान्य नाही.

कामाच्या चार सवयीही सांगतो. दुसऱ्याचा फोटो ग्रुपवरून उचलून आपल्या नावाने पाठवू नका. मंत्र्यांना पुन्हा हार घालायला लावून फोटो काढू नका. फोटोओळीत डावीकडून नावं विचारून लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटोचा दर्जा घसरतो.

बॉडी जुनी आहे म्हणून रडू मात्र नका. डी९० चा फोटो ४२८८ पिक्सेल रुंद. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला २०० पुरतात, म्हणजे एकवीस इंच, पानाच्या रुंदीपेक्षा जास्त. बारा मेगापिक्सेलवर वर्षानुवर्षं पोट भरता येतं. रबराची ग्रिप सुटली तर चिकटवा, बॅटरी फुगली तर लगेच बदला. साठवलेले पैसे आधी चांगल्या लेन्समध्ये घाला, पण डबा त्याच्याही आधी.

जुलै २०२१ मध्ये आयर्विनवर पाणी पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेलं. दुसऱ्यांदा घेतलेली ७०-३०० होती माझ्याकडे. रात्री अकराला घरी आलो, बॅग उघडी करून दोरीवर टांगली, बॉडी आणि लेन्सा पुसून, पंख्याखाली वेगवेगळ्या ठेवल्या. फोटो त्यानंतर पाठवले. डेस्कवरून दोन फोन येऊन गेले होते.