धिंगरीच्या खोलीतला पंखा अखेर शांत झाला

धिंगरीचे (ऑयस्टर मशरूमचे) देठ लांबत चालले, टोप्या बटणाएवढ्याच राहिल्या. खोलीत कार्बन डायऑक्साइड साचत होता. 4 इंची एक्झॉस्ट बसवला, तर भिंतीपलीकडच्या काकूंची झोप उडाली. साधा रेग्युलेटर लावला, मोटर आणखीच गुणगुणायला लागली. शेवटी 6 इंची ईसी (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) मोटरचा डक्ट फॅन, म्हणजे नळीत बसणारा पंखा, घेतला, निम्म्या वेगावर ठेवला आणि भिंतीत न ठोकता रबरी पट्ट्यांनी छताला टांगला. आता कान देऊन ऐकावं लागतं.

वासासाठी लावलेल्या कार्बन फिल्टरचा मात्र उपयोग झाला नाही. 85 टक्के दमटपणात कोळसा पाणीच धरून बसतो. मग धिंगरी ज्यावर वाढते ते भिजवलेलं काड नीट निथळून घेतलं: मुठीत दाबलं की पाणी टपकायला नको. आंबूस वास तिथेच कमी झाला. परवाची पहिली परडी काकूंकडे नेऊन दिली.