गेम कॅरेक्टरचं चिलखत आणि तलवार घरी बनवायची तर: माप आधी, रंग नंतर

कॉस्प्ले, म्हणजे एखाद्या कॅरेक्टरसारखा हुबेहूब वेश, करायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो, मेटलसारखी चमक कशी आणायची, गंज कसा दाखवायचा वगैरे. पण मला विचाराल तर रंग हे शेवटचं काम आहे आणि सगळ्यात सोपंही तेच. खरी मेहनत मापात आहे. अंगावर नीट न बसलेलं चिलखत कितीही भारी रंगवा, फोटोत खोकं घातल्यासारखंच दिसतं, आणि नीट बसलं असेल तर रंगातल्या बारीकसारीक चुका कोणी बघत पण नाही. म्हणून मी मापावरच जास्त बोलणारे.

गेमच्या कॅरेक्टरचं एक बरं असतं, ते हवं तसं फिरवून बघता येतं. गेममध्ये फोटो मोड असेल तर तो वापरा, नाहीतर कपडे बदलायच्या स्क्रीनवर कॅरेक्टर हळूहळू गोल फिरवा आणि पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग बूट, पट्टे, बकलं यांचे जवळून वेगळे घ्या. फॅन आर्ट बघून काम करू नका, चित्र काढणारे आपल्या मनाने डिटेल्स बदलतात आणि ते आपल्याला अर्धं काम झाल्यावर कळतं.

आता अडचण अशी की या कॅरेक्टर्सची अंगकाठी आपल्यासारखी नसते. हेलो या गेममधला मास्टर चीफ चिलखतासकट 7 फुटांच्या आसपास आहे, आणि 1997 च्या फायनल फँटसी 7 मधल्या क्लाउडची बस्टर स्वोर्ड जवळजवळ त्याच्याच उंचीची. त्यामुळे गेममधलं माप शोधत बसू नका, प्रमाण काढा. सरळ उभ्या कॅरेक्टरचा स्क्रीनशॉट प्रिंट करा किंवा स्क्रीनवरच पट्टी लावा. समजा त्यात कॅरेक्टर 15 सेंमी आहे, तलवार 12 सेंमी आणि तुमची उंची 165 सेंमी, तर 165 भागिले 15 म्हणजे 11, आणि 12 गुणिले 11 म्हणजे 132 सेंमीची तलवार. छातीची पट्टी, बेल्ट, ढाल सगळं याच 11 ने गुणायचं. लांबी अशी येते, पण गोलाई मात्र नेहमी स्वतःच्या अंगावरूनच घ्यायची, तिथे गुणाकार चालत नाही.

गोलाईसाठी क्लिंग रॅप (अन्न झाकायची पातळ पारदर्शक प्लास्टिक फिल्म) आणि टेप. खांद्याचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त तोच चुकतो. जुना टीशर्ट घाला, खांद्यावर आणि दंडावर क्लिंग रॅपचे दोन-तीन वेढे द्या (घट्ट नको, रक्त चालू राहिलं पाहिजे), त्यावर मास्किंग टेपच्या छोट्या छोट्या पट्ट्या एकमेकींवर चढवत लावा. दुसऱ्या कोणाची तरी मदत लागतेच. मग मार्करने चिलखताचा आकार त्या टेपवरच काढा, आणि काढताना हात वर करा, पुढे न्या, मागे न्या, जिथे रेष काखेत टोचेल असं वाटेल तिथून 2 सेंमी बाहेर घ्या. रेषांवर आडव्या छोट्या खुणा करा, दर 4-5 सेंमीला एक, म्हणजे नंतर तुकडे जोडताना कुठली कड कुठे येते ते कळतं. आता बोथट टोकाच्या कात्रीने, टोक अंगापासून लांब ठेवून कापून काढा. कापलेला टेपचा कवच सपाट बसत नाही, घुमटासारखा राहतो, म्हणून शिवणात टक्स घालतात तशा दोन-तीन चिरा द्या आणि सपाट करा. तो झाला पॅटर्न. कागदावर उतरवा, त्यावर "डावा" आणि "वरची बाजू" लिहा, आणि उजव्यासाठी कागद उलटा करून काढा. मी पहिल्या वेळी हे लिहिलं नव्हतं आणि दोन्ही खांदे डावेच कापले, एक अख्खी फोमची शीट गेली आणि रात्रभर परत सगळं कापत बसले. तेव्हापासून मी प्रत्येक तुकड्यावर बाण काढते.

फोम म्हणजे ईव्हीए फोम, जमिनीवर अंथरायच्या जोडणाऱ्या मॅट असतात तो. चिलखताला 5-6 मिमी पुरतो, तलवारीच्या पात्याला 10 मिमी, वरच्या नक्षीला 2 मिमी. कटरचं पातं नवीन पाहिजे, फोम पातं फार लवकर बोथट करतो, कड फाटल्यासारखी दिसायला लागली की लगेच टोक मोडा. आणि एका दमात कापायचा प्रयत्न करू नका, दोन-तीन लांब हलक्या फेऱ्या मारा, पातं अगदी सरळ उभं धरून, कारण ते तिरकं झालं की जोडताना फट राहते आणि ती फट रंगाखाली आणखीच उठून दिसते.

चिकटवायच्या आधी हीट गन, म्हणजे खूप गरम हवा फेकणारं यंत्र, फिरवा. फोमचा मॅट पृष्ठभाग किंचित चकाकला की छिद्रं बंद झाली समजा, लगेच गन बाजूला, जास्त झालं की फोम आकसतो. तो गरम असतानाच गुडघ्यावर किंवा वाडग्यावर दाबून वाकवा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. हे आधीच करायचं कारण नंतर तापवलं तर सांधे सुटायला लागतात.

गोंद कॉन्टॅक्ट सिमेंट घ्या, बूट-चपला चिकटवायला वापरतात तो पिवळट. दोन्ही कडांना पातळ थर, 10-15 मिनिटं थांबा, बोटाला चिकटला नाही पण ओढ जाणवली की खुणा जुळवून दाबा. एकदा टेकला की हलत नाही, म्हणून एका टोकापासून हळूहळू टेकवत जा. खिडक्या उघड्या आणि वाफेसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क, साधा कापडी मास्क याला उपयोगाचा नाही. घासताना उडणाऱ्या धुळीला मात्र डस्ट मास्क पुरतो. ग्लू गन मी फक्त तात्पुरत्या कामाला घेते, उन्हात ती मऊ पडते.

तलवारीला मधोमध काडी लागते, नाहीतर ती वाकते. पीव्हीसी पाइप किंवा लाकडी दांडा, त्याच्या मापाची खाच 10 मिमी फोममध्ये कोरायची आणि दोन फोम सँडविचसारखे चिकटवायचे. दांडा मुठीतून पात्याच्या निम्म्याहून जास्त आत गेला पाहिजे, मूठ आणि पातं यांचा सांधाच पहिला तुटतो. थर्माकोल वापरत असाल तर स्प्रे थेट मारू नका, विरघळतो, आधी पीव्हीए गोंदाचे, म्हणजे लाकडाला वापरतात त्या पांढऱ्या गोंदाचे, थर द्या.

रंगाआधी फटी अ‍ॅक्रिलिक कॉल्कने (फटी बुजवायची पेस्ट) भरा, ओल्या बोटाने सपाट करा, मग पाण्यात सैल केलेल्या पीव्हीए गोंदाचे 3-4 पातळ थर, प्रत्येक थर वाळू द्या. आता रंग. काळा बेस, कोरड्या ब्रशवर थोडासाच चंदेरी घेऊन कडांवर हलकेच, मग काळा-तपकिरी अ‍ॅक्रिलिक पाण्यात पातळ करून फासायचा आणि टिश्यूने पुसायचा, खाचांमध्ये राहतो तो मळ. ओरखडे तिथेच द्या जिथे खरोखर घासलं असतं, म्हणजे खांद्याची बाहेरची कड, पात्याची धार, गुडघा. काखेत ओरखडे कशाला येतील?

पट्ट्यांचं कोणी लवकर विचार करत नाही आणि तेच कार्यक्रमात तुटतात. चिकट वेल्क्रो नुसत्या फोमला टिकत नाही, आधी कापडाचा तुकडा कॉन्टॅक्ट सिमेंटने चिकटवा आणि वेल्क्रो त्या कापडावर शिवा. खांदा छातीच्या पट्ट्याला बकलने लटकवा, दंडाला इलॅस्टिक. सगळं घालून घरात 1 तास वावरा: बसा, जिने चढा, पाणी प्या, बाथरूमला जाऊन या. हेल्मेट असेल तर खाली पाय दिसतात का आणि आत श्वास कोंडतो का ते बघा. ज्या कार्यक्रमाला जाणार तिथले प्रॉपचे, म्हणजे सोबत नेलेल्या नकली शस्त्रांचे वगैरे, नियम आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी धातूचं पातं चालत नाही आणि लांबीची मर्यादा असते. बॅगेत सुपरग्लू, सेफ्टी पिना, इलॅस्टिक आणि डबल टेप असू द्या.

घरी आल्यावर आतून पुसून वाळवा आणि खांद्यांमध्ये कागद कोंबून ठेवा म्हणजे गोलाई बसून राहते. बंद गाडीत उन्हात ठेवू नका, दुपारभर राहिलं तरी फोम वाकडा होतो.