मोठी संख्या मूळ आहे का हे तपासताना या चुका टाळा

२^६१ − १ ही मूळ संख्या आहे; तिचे पूर्ण रूप २३०५८४३००९२१३६९३९५१. हीच संख्या एक्सेलमध्ये काढली तर २३०५८४३००९२१३६९०००० असे उत्तर दिसते आणि शून्याने संपणारी संख्या मूळ कशी असेल, असे म्हणून अनेक जण तिला संयुक्त ठरवून मोकळे होतात. एक्सेल पंधराच सार्थ अंक दाखवते, पुढे शून्ये भरते, एवढेच इथे घडलेले असते. त्यामुळे कितीही लांब पूर्णांक जसाच्या तसा ठेवणारी पायथॉनसारखी भाषा वापरावी. मात्र तिथेही साध्या तिरक्या रेघेने भागाकार केला की उत्तर दशांशात जाते आणि अंक पुन्हा गळतात. भाग जातो का हे पाहायला बाकी देणारे टक्क्याचे चिन्हच वापरावे.

घातांक मूळ असला की २^घातांक − १ हीसुद्धा मूळ असते, हा समज २०४७ पाशीच मोडतो, कारण २^११ − १ = २३ × ८९. फ्रेंच गणिती मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या अशा मूळ संख्यांच्या यादीत २^६७ − १ होती. ती संयुक्त असल्याचे गणिती ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले, पण १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हे अवयव गणिती कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. अवयव सापडले नाहीत म्हणून संख्या मूळ, हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही.

२^घातांक − १ अशा संख्यांसाठीच्या ल्युका-लेमर कसोटीत (घातांक विषम मूळ हवा) ४ पासून सुरुवात करून दर पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची; शेवटी ० उरला तर संख्या मूळ. १२७ साठी, म्हणजे घातांक ७ असताना, ४, १४, ६७, ४२, १११, ० असा क्रम येतो. पायऱ्या घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे पाच. सुरुवातीचा ४ ही पायरी नव्हे. एक पायरी जास्त झाली तर शून्याऐवजी १२५ उरतात आणि चांगली मूळ संख्या बाद होते. स्वतःचा प्रोग्राम चुकतो आहे असे वाटले तर आधी हाच क्रम छापून पाहावा.

फर्माच्या कसोटीवर (पायाचा, संख्येपेक्षा एकने कमी घातांकाचा घात त्या संख्येने भागल्यावर १ उरला तर ती मूळ मानणे) विसंबू नये. ३४१ = ११ × ३१, तरीही २^३४० ला ३४१ ने भागल्यावर बाकी १ च उरते. पाया बदलून पाहणेही नेहमी पुरत नाही, कारण ५६१ ही संख्या तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक पायाला अशीच फसवते. त्याऐवजी तिच्याहून कडक असलेली मिलर-राबिन कसोटी वापरावी.

शेवटची चूक अंकसंख्येची. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. अंक मोजण्यासाठी घातांकाला २ च्या (१० या पायाच्या) लॉगॅरिथमने गुणून पूर्णांक भागात १ मिळवतात. पण लॉगॅरिथम ०.३०१०३ धरला तर गुणाकार ४,१०,२४,३२०.५ च्या आसपास येतो आणि एक अंक जास्त निघतो. सात दशांशांच्या कोष्टकातही ०.३०१०३०० च असल्याने तिथेही सुटका नाही, ०.३०१०२९९९६ असे किमान नऊ दशांश घेतले तरच गुणाकार ४,१०,२४,३१९.९९ येतो आणि अंकसंख्या बरोबर जुळते.