टँकमधला मासा दिसत नाहीये?
लगेच सगळे दगड, झाडं उपसत बसू नका, बाकीचे मासे उगाच घाबरतात. आधी टँकच्या आजूबाजूची फरशी, स्टँडच्या मागे बघा, कारण झाकणात फट असेल तर मासा उडी मारू शकतो आणि तडफडत बराच लांब जाऊ शकतो, अंग ओलं असेल तर हलत नसला तरी पाण्यात सोडून बघा. मग फिल्टर, पण प्लग काढून उघडा. लोच, प्लेको वगैरे तळाशी राहणारे मासे तर बरेचदा दिवसा लपूनच बसतात, रात्री लाईट बंद करून टॉर्च मारा. तरीही नाही सापडला तर मेला असेल, बाकीचे मासे आणि गोगलगायी छोटा मासा पटकन संपवतात. पाण्यातला अमोनिया (मेलेला मासा कुजला की वाढणारा विषारी पदार्थ) मात्र चेक करा, वाढलेला दिसला तर थोडं पाणी बदला.