स्प्लिट बसत नाही? आधी या चुका टाळा

तायक्वांदोत अंगावरच्या किकला 2 गुण, डोक्यावर लागली तर 3, आणि तीच गिरकी घेऊन डोक्यावर मारली तर 5. कराटेच्या कुमितेतही, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, जोदान (डोक्याच्या उंचीच्या) किकला इप्पॉन, म्हणजे 3 गुण. उंच पायाला असा रोख भाव असल्यावर पिवळा बेल्ट मिळायच्या आतच पोरं स्प्लिटच्या, म्हणजे दोन्ही पाय सरळ फाकवून जमिनीला टेकवायच्या, मागे लागतात यात नवल नाही. पण महिनोन्‌महिने रोज पाय ताणूनही जमिनीपासून वीतभर अंतर राहतं ते राहतंच, आणि मग "माझं अंगच कडक आहे" म्हणून माणूस मोकळा होतो. अंग कडक असेलही. पण माझं म्हणणं असं की बहुतेकांचं अडतं ते ताकदीपाशी. ज्या कोनात पायाला स्वतःला सावरता येत नाही, त्या कोनात शरीर पायाला जाऊच देत नाही. तिथे जितका जोर लावाल तितका स्नायू आखडतो.

दुसऱ्याकडून पाय दाबून घेणं

हे दृश्य अजूनही कितीतरी क्लासमध्ये दिसतं. मुलाला भिंतीला पाठ लावून बसवायचं, दोघांनी दोन पाय धरून मागे रेटायचे, तिसऱ्याने खांद्यावर भार द्यायचा. मुलगा डोळे मिटून दात-ओठ खातो आणि सर म्हणतात, "अजून थोडं."

स्नायूच्या आत ताण ओळखणारे तंतू असतात. अचानक ओढ बसली की ते स्नायूला आकसायला लावतात. म्हणजे बाहेरून दोघं ओढताहेत आणि आतून स्नायू उलट खेचतोय. यात काहीतरी सुटणार, आणि जे सुटतं ते हवं तेच असेल याची खात्री नाही.

शाळकरी मुलांत तर हा खेळ फारच महागात पडू शकतो. मांडीमागचे स्नायू आपण ज्या हाडावर बसतो तिथे चिकटलेले असतात. त्या हाडाचा वाढीचा भाग पक्का जुळायला अठरा-वीस वर्षं लागतात, काहींना त्याहूनही जास्त. तोवर जोराचा हिसका बसला तर स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच निघून येतो. "टक" असा आवाज, लगेच लंगडणं, नंतर बाकावर बसताना ढुंगणाच्या खाली कळ येणं: एवढं झालं तर "शिर भरली" म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा. आणि पालकांनी "पोरगं नाजूक आहे" असं ऐकून घ्यायचं कारण नाही. जोडीदार हवाच असेल तर त्याने पाय नुसता आधाराला धरायचा. किती न्यायचा आणि कधी सोडायचा, हे ज्याचा पाय आहे तो सांगेल.

साईड स्प्लिटमध्ये कंबर ताठ ठेवणं

महिनोन्‌महिने एकाच जागी अडकलेल्यांत ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. पाय बाजूला पसरलेले, बोटं समोर, आणि छाती पुढे काढून कंबर अगदी उभी. आता खुब्यात काय होतं पाहा. मांडीच्या हाडाला वरच्या बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो. उभं राहून खुब्याच्या बाजूला हात लावलात तर तो लागतो. पाय सरळ बाजूला नेत गेलं की तो उंचवटा आणि हाडाची मान खुब्याच्या वाटीच्या वरच्या कडेकडे सरकते आणि तिथे हाडाला हाड अडतं. मग कितीही ताणा, तो ताण स्नायूवर येतच नाही.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पाय मांडीपासून बाहेर फिरवून गुडघ्याच्या वाट्या आणि बोटं छताकडे करायची. दुसरा म्हणजे बोटं समोरच ठेवून ढुंगण मागे काढायचं आणि ओटीपोट पुढे झुकवायचं. आमच्याकडे संध्याकाळच्या बॅचला ऑफिसातून येणारे एक गृहस्थ असेच अडकले होते. त्यांना एवढंच सांगितलं: हात पुढे टेका, ढुंगण मागे ढकला, आता परत खाली जा. त्याच मिनिटाला ते चार बोटं खाली गेले. स्नायू होता तेवढाच होता, नुसती हाडाची अडचण दूर झाली.

कुठे अडतंय हे स्वतः ओळखता येतं. मांडीच्या आतल्या अंगाला ओढ जाणवली तर तो स्नायू. बाहेरच्या बाजूला किंवा खुब्याच्या पुढे काही अडकल्यासारखं, चिमटा बसल्यासारखं वाटलं तर ते हाड, आणि तिथे जोर करून काही उपयोग नाही. कोन बदला. काहींच्या खुब्याची वाटी जन्मतःच खोल असते, त्यांचा साईड स्प्लिट जमिनीला पूर्ण टेकेलच असं नाही. त्याने हेड किक अडत नाही.

किकच्या आधी लांबलचक ताणणं

एकेक स्नायू मिनिट-मिनिटभर ताणून लगेच पॅडवर किक मारायला उभं राहिलात तर जोर थोडा कमी पडतो. सरावाआधी पाच-सात मिनिटं दोरीवरच्या उड्या, मग पाय पुढे-बाजूला झुलवणं, हळूहळू उंची वाढवत. लांब ताणणं क्लास सुटताना, अंग तापलेलं असताना. सकाळी उठल्या उठल्या स्प्लिटला बसू नका. तेव्हा अंग आखडलेलं असतं, थंडीत तर विचारूच नका.

नुसतं बसून राहणं

मोबाईल बघत दहा मिनिटं पाय पसरून बसण्याने थोडा फायदा होतो, आणि काही आठवड्यांत तो थांबतो. पुढे जायचं तर त्या ताणलेल्या अवस्थेतच स्नायूला काम द्यावं लागतं.

दोन्ही बाजूंना दोन भक्कम खुर्च्या ठेवा, प्लॅस्टिकच्या नकोत. त्यांच्यावर हात टेकून साईड स्प्लिटमध्ये जिथवर ताण सोसवतो तिथवर उतरा. आता पाय न हलवता दोन्ही टाचांनी जमीन आत ओढायचा प्रयत्न करा, जणू मधली सतरंजी गोळा करायची आहे. आठ-दहा सेकंद. श्वास रोखायचा नाही, चेहरा आवळायचा नाही. मग सैल सोडा, श्वास सोडताना बोटभर खाली जाता आलं तर जा, नाहीतर तिथेच राहा. असं चार वेळा, शेवटच्या खेपेला पंधरा-वीस सेकंद. दोन मिनिटं विश्रांती घेऊन पुन्हा एकदा. दुसऱ्या दिवशी जांघा वजन उचलल्यासारख्या दुखल्या तर समजा बरोबर केलंत, आणि म्हणूनच हे आठवड्यातून दोन-तीनदाच करायचं. रोज केलंत तर सुधारणा होण्याऐवजी जांघ धरेल.

जोडीला कराटेतली किबा-दाची आहेच, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून गुडघ्यात वाकून उभं राहणं; तायक्वांदोवाल्यांची जुचुम सोगी. बेल्ट परीक्षेपुरती नको. हळूहळू पाय जास्त रुंद ठेवत, मिनिटभर टिकवून. जुने सर हे का करून घेत असत ते जांघांना कळतं.

फरशीवर मोजे घालून स्प्लिटला उतरणं मात्र बंद करा. पाय सटकला की सावरायला वेळच मिळत नाही.

फ्रंट स्प्लिटमध्ये मागचा पाय विसरणं

हनुमानासनासारख्या या स्प्लिटमध्ये सगळे पुढच्या पायाकडे बघतात, कारण ओढ तिथे जाणवते. अडवत असतो बऱ्याचदा मागचा पाय. त्याच्या खुब्याचा पुढचा स्नायू आखूड पडतो, मग कंबर एका बाजूला उघडते, मागचा गुडघा बाहेर वळतो, आणि आपण जमिनीला टेकल्याचा भास होतो. दोन्ही खुबे समोर, मागची गुडघ्याची वाटी जमिनीकडे, हे जमेल तेवढंच खाली जायचं. हाताखाली ठोकळे घ्या. पुण्यातल्या अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गांत लाकडी ठोकळे सर्रास वापरतात, तिथे त्याला कुणी कमीपणा मानत नाही. मागच्या पायासाठी वेगळा सराव करा: एक गुडघा टेकून बसा, त्याच बाजूचं ढुंगण घट्ट आवळा आणि मग अंग किंचित पुढे न्या. ढुंगण आवळलं नाही तर सगळी ओढ कमरेत जाते.

कुठे दुखतंय ते न बघणं

स्नायूच्या मध्यभागी पसरट ओढ असेल तर चालू ठेवा. गुडघ्याच्या आतल्या अंगाला दुखलं की लगेच थांबा, तिथे स्नायू नाही, अस्थिबंध ताणला जातोय. तोवर गुडघे वाकवून बेडकासारखं बसून जांघ ताणा. पायात मुंग्या किंवा विजेसारखी चमक आली तर नस ओढली जातेय, तो ताण धरून ठेवू नका. आणि बसायच्या हाडापाशी आठवडे-आठवडे ठसठसत असेल तर ताणणं पूर्ण बंद. लोक नेमकं उलट करतात, दुखतंय म्हणून जास्त ताणतात. तिथला कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) ताणताना हाडावर दाबला जातो आणि दुखणं चिघळतं. फिजिओथेरपिस्टकडे जा.

स्प्लिट बसतो, तरी किक जात नाही

ही तक्रार घेऊन येणाऱ्याचा मी आधी खालचा पाय बघतो. कराटेतली मावाशी गेरी असो की तायक्वांदोतली दोल्यो चागी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची किक, टेकलेल्या पायाची टाच समोरच्याकडे वळली नाही तर खुबा उघडतच नाही, मग स्प्लिट कितीही चांगला असो. टाच वळत असेल तर उरते ती उचलायची ताकद. भिंतीला हात लावून बाजूची किक अगदी सावकाश वर न्या, वर तीन सेकंद धरा, तितक्याच सावकाश खाली आणा. दोन्ही बाजूंनी, पाय थरथरायला लागेपर्यंत. हे स्ट्रेचिंग संपल्यावर लगेच, अंग गरम असतानाच करायचं.